आरपार दिसणाऱ्या बाटलीचं कोडं

मुंबईहून नागपूरला निघालात तर पाण्याची भरलेली बाटली हातातल्या बॅगेतून सहसा बिनबोभाट जाते. फार तर जवान म्हणतो, "एक घोट पिऊन दाखवा." त्याच विमानतळावरून दुबईला निघालात तर तीच बाटली कचऱ्याच्या डब्यात जाते. पाणी तेच आणि तपासणारे सीआयएसएफचे जवानही तेच. पण आंतरराष्ट्रीय उड्डाणाला नियम असा, की कुठलाही द्रव 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नको आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी चार घोट उरले असले तरी ती अडते, कारण तिथे बाटलीचं माप बघतात, आतला ऐवज नाही.

नवल याचं वाटतं, की जे यंत्र कपड्यांच्या घड्यांत दडलेली नेलकटरची पाती शोधून काढतं, त्याला सगळ्यात अवघड जाते ती आपल्या डोळ्यांना आरपार दिसणारी पाण्याची बाटली.

या नियमाला नेमकी जन्मतारीख आहे: 10 ऑगस्ट 2006. लंडनहून अमेरिका आणि कॅनडाकडे जाणारी किमान सात विमानं शीतपेयाच्या बाटल्यांत द्रव स्फोटक नेऊन उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी त्या दिवशी उघड केला. स्फोटकाचा आधार होता हायड्रोजन पेरॉक्साइड. त्या सकाळपासून ब्रिटनमध्ये हातातलं जवळजवळ सगळंच सामान बंद झालं. तान्ह्या बाळाचं दूध न्यायचं तर आईबापांनी ते आधी स्वतः चाखून दाखवायचं. काही आठवड्यांनी अमेरिकेने आणि 6 नोव्हेंबर 2006 पासून युरोपीय संघाने लहान बाटल्यांना मुभा दिली. लहानच का? स्फोटकशास्त्रात क्रांतिक व्यास अशी एक मर्यादा असते. त्याहून अरुंद भांड्यात स्फोटाची लाट पुढे न सरकता विझते. लहान बाटल्यांमागे हाही एक हिशेब होता.

धोका मात्र 2006 मध्ये नवा नव्हता. नोव्हेंबर 1987 मध्ये कोरियन एअरचं 858 क्रमांकाचं विमान अंदमानच्या समुद्रावर नष्ट झालं आणि 115 माणसं गेली. उत्तर कोरियाच्या दोन हस्तकांनी विमानात ठेवलेल्या बॉम्बचा एक भाग दारूच्या बाटलीत भरलेलं द्रव स्फोटक होता. डिसेंबर 1994 मध्ये फिलिपिन्स एअरलाइन्सच्या विमानात कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून आणलेल्या नायट्रोग्लिसरीनचा स्फोट झाला आणि एक प्रवासी दगावला. इतकं होऊनही बाटल्या जात राहिल्या, कारण त्यांच्या आत काय आहे हे झटपट सांगणारं यंत्रच तपासणीच्या रांगेत नव्हतं.

ते का नव्हतं, हे समजायला यंत्राच्या पडद्याकडे बघावं लागतं. तिथले नारिंगी, हिरवे, निळे रंग वस्तूंचे नसतात, संगणकाने चढवलेले असतात. यंत्र बॅगेतून दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण पाठवतं. कमी ऊर्जेचे किरण जड अणूंपाशी फार अडतात, हलक्या अणूंतून बऱ्यापैकी निसटतात. जास्त ऊर्जेच्या किरणांना हा फरक कमी जाणवतो. दोन्हींच्या गुणोत्तरावरून समोरचे अणू हलके की जड याचा अंदाज येतो. पोलाद निळं दिसतं, काच आणि अ‍ॅल्युमिनियम साधारण हिरवं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचं सगळं काही नारिंगी: कपडे, चकल्या, साबण, पाणी आणि बहुतेक स्फोटकंसुद्धा.

पाण्याचा रेणू म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे त्यावर आणखी एक ऑक्सिजन, बस्स. अणूंच्या हलकेपणावरून निवाडा करू गेलं तर दोघं अगदी शेजारी बसतात. फरक आहे तो घनतेत. पाण्याची घनता एक, शुद्ध पेरॉक्साइडची जवळपास दीडपट. दुधात पाणी घातलंय का हे लॅक्टोमीटरही असंच घनतेवरून ओळखतो. मग यंत्राने तेच का करू नये? कारण साधा एक्स-रे ही सपाट सावली असते. किरण किती अडले एवढंच तिच्यावरून कळतं. बाटली जाड म्हणून अडले की आतला द्रव घट्ट म्हणून, हे त्या सावलीतून वेगळं काढता येत नाही.

हे कोडं पूर्वी एकदा सुटलं होतं, पण दवाखान्यात. आपल्याकडे एचएमव्हीच्या तबकड्या घरोघरी वाजल्या, त्यांच्यामागची ब्रिटिश कंपनी ईएमआय. तिथल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने क्ष-किरणांचा स्रोत माणसाच्या डोक्याभोवती फिरवून, अनेक कोनांतून घेतलेल्या सावल्या गणिताने एकत्र जुळवल्या. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. याच गणिताचा पाया स्वतंत्रपणे घालणारे अ‍ॅलन कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना 1979 चं नोबेल मिळालं. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक बिंदूला एक आकडा मिळतो. त्या मोजपट्टीवर हवा उणे 1000 आणि पाणी शून्य. म्हणजे शरीरातलं हाड असो की मेंदू, सगळं मोजलं जातं ते पाण्याच्या तुलनेत. तेच तंत्र बॅगेला लावलं की बाटलीचा आकार आणि आतल्या द्रवाची घनता दोन्ही हाती येतात, आणि बॅग उघडावीही लागत नाही.

घनता कळली तरी ओळख पटतेच असं नाही. मधाची घनता 1.4 च्या घरात, म्हणजे पेरॉक्साइडच्या जवळ. रासायनिक चाचणीही फसू शकते. जानेवारी 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड विमानतळावर एका बॅगेवरून फिरवलेल्या पट्टीने स्फोटकाचा इशारा दिला आणि विमानतळ बंद करावा लागला. आत शीतपेयाच्या बाटल्या होत्या, आणि त्यांत मध.

म्हणून बंद बाटलीतल्या रेणूलाच त्याचं नाव विचारणारी युक्ती हवी होती. तिची सुरुवात आपल्या मुंबईच्या बंदरापर्यंत येऊन पोचते. 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, हे तेव्हाचं मान्य उत्तर त्यांना पटेना. डेकवरून एका छोट्या प्रिझममधून त्यांनी पृष्ठभागावरची चकाकी वगळून पाहिलं. निळाई तशीच राहिली. पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात, असं सांगणारं त्यांचं 'नेचर'ला लिहिलेलं पत्र मुंबई बंदरात, 'नारकुंडा' जहाजावरून लिहिलेलं आहे. त्याच ध्यासातून 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात रामन परिणाम सापडला: विखुरलेल्या प्रकाशातला कोटीत एखादा कण रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवाणघेवाण करतो आणि रंग बदलून बाहेर येतो. किती बदलला हे त्या रेणूचं स्वतःचं, दुसऱ्या कुणाशी न जुळणारं वैशिष्ट्य. 1930 चं नोबेल याच शोधासाठी.

अडचण एवढीच, की बाटलीवर लेसर सोडला तर आधी बाटलीचं प्लॅस्टिकच उत्तर देतं. ऑक्सफर्डजवळच्या रदरफर्ड अ‍ॅपल्टन प्रयोगशाळेत पावेल मातोउशेक यांनी यावर साधा वाटणारा उपाय काढला. लेसर एका ठिकाणी सोडायचा आणि परतणारा प्रकाश काही मिलिमीटर अंतरावर गोळा करायचा. आत खोलवर भटकून आलेले कण बाजूला बाहेर पडतात. दोन जागांची नोंद वजा केली, की बाटली गळून पडते आणि फक्त आतला द्रव बोलतो. या तंत्रावरच्या बाटली-तपासणी यंत्राला 2014 चा ब्रिटनचा मॅकरॉबर्ट पुरस्कार मिळाला, आणि युरोपातल्या विमानतळांवर औषधं, बाळाचं दूध, ड्युटी-फ्रीच्या बाटल्या तपासायला ते यंत्र बसलं.

यंत्रांची दृष्टी सुधारली, तसा नियमही सैल होतोय, पण अडखळत. सीटी स्कॅनर बसलेल्या विमानतळांनाही युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2024 रोजी पुन्हा 100 मिलिलिटरवर आणलं होतं. उलट एडिनबरा विमानतळावर जुलै 2025 पासून दोन लिटरची बाटली बॅगेतच ठेवून जाता येतं. जाण्याच्या विमानतळावर चालली ती बाटली परतीच्या विमानतळावर अडू शकते.

तोवर द्रव कशाला म्हणायचं हा घोळ आहेच. ओतता, पसरता, फवारता येतं ते सगळं यात येतं. त्यामुळे आमरसाबरोबर श्रीखंडही गेलं. अमेरिकेत दगडासारखा गोठलेला बर्फ चालतो, पण तपासणीच्या वेळी वितळून खाली पाणी साचलं असेल तर नाही. आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी तुपाने भरलेला नारळ हातातल्या सामानात न्यायला काही महिन्यांची खास सवलत दिली होती. एरवी नारळाला केबिनमध्ये मज्जाव.

आणि हौसेने घेतलेली तांब्याची बाटली असेल, तर ती रिकामी करूनच रांगेत उभं राहावं. रामनची युक्ती कितीही सूक्ष्म असली तरी लेसरचा प्रकाश धातूच्या भिंतीतून आत शिरत नाही. तपासणीपलीकडे पाण्याचा नळ असतो. तिथे ती निवांत भरून घ्या.