बर्फ दिसतो, माणूस दिसत नाही

गुलमर्ग-मनालीत बर्फ पडला की पाठोपाठ पर्यटकांचे फोटो येऊ लागतात. डोंगर देखणे, देवदार देखणे. माणसाचा चेहरा मात्र काळवंडलेला. याला थंडी जबाबदार नाही. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे, असं धरून कॅमेरा उजेडाचा हिशेब मांडतो. ताजा बर्फ मात्र ८०-९० टक्के प्रकाश परत फेकतो. कॅमेरा तो लखलखाट आवरायला जातो आणि त्यात आपली सावळी कांती पहिला बळी ठरते. म्हणून एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वाढवावं. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वर सरकवावा. मागच्या उताराचे बारकावे पांढऱ्यात विरले तर खुशाल विरू द्यावेत. फोटो माणसाचा आहे!

हे फार आधी ओळखलं ते हर्बर्ट पाँटिंगनं. रॉबर्ट स्कॉटच्या १९१०च्या अंटार्क्टिका मोहिमेचा हा छायाचित्रकार. कडाक्याच्या थंडीत काम करताना त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला चिकटली आणि साल निघालं. हिमनगांची त्याची चित्रं जगप्रसिद्ध आहेत, पण मला मोलाची वाटतात ती प्रवासातून परतलेल्या माणसांची व्यक्तिचित्रं: दाढी वाढलेली, कातडी करपलेली, नजर थकलेली. थंडी म्हणजे काय, हे तिथे कळतं.

स्कॉट आणि त्याचा सहकारी बॉवर्स यांनाही त्यानं फोटो काढायला शिकवलं. पुढे जानेवारी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावर बॉवर्सनं दोरी ओढून तिथवर पोहोचलेल्या पाचही जणांचा फोटो टिपला. त्यांचा नॉर्वेजियन प्रतिस्पर्धी अमुंडसेन महिनाभर आधीच तिथे पोहोचला होता. परतीच्या वाटेवर हे पाचही जण गेले. फिल्म त्यांच्या तंबूत नोव्हेंबरमध्ये सापडली. त्या फोटोत निसर्गसौंदर्य जवळपास नाहीच. आहेत ते हरलेले, दमलेले चेहरे, आणि बर्फातल्या माणसाचं याहून खरं चित्र मी पाहिलेलं नाही.

म्हणून गुलमर्गला जाणाऱ्यांनी भाड्याच्या कोटातले आपले फोटो जरूर काढावेत, पण स्लेज ओढणाऱ्या, घोडा धरून उभ्या असलेल्या माणसाकडेही पाहावं. हिवाळा त्याच्या चेहऱ्यावर मुक्कामाला असतो. आधी त्याला विचारावं. जादा बॅटरी आतल्या खिशात उबेला ठेवावी, म्हणजे तो थांबलेला असताना कॅमेरा मान टाकणार नाही. आणि फोटो त्याच्या मोबाइलवर तिथल्या तिथे पाठवावा.