असं का होतं? : धुतलेल्या टॉवेलला कुबट वास का येतो?

घर सोडून पहिल्यांदाच खोलीवर राहणाऱ्या मुलामुलींना पावसाळ्यात हा प्रश्न हमखास पडतो. साबण लावून धुतलेल्या टॉवेललाही, तो ओला झाला की, कुबट वास कसा येतो?

हा वास जिवाणूंमुळे येतो. अंग पुसताना त्वचेवरचा तेलकटपणा, घाम आणि मृत पेशी टॉवेलच्या धाग्यांत अडकतात. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू त्यावर पोसतो आणि उग्र वासाचं एक आम्ल सोडतो. जपानी संशोधकांनी २०१२ साली हे दाखवून दिलं. हा जिवाणू फार चिवट. कपडा सुकला तरी तो सगळा मरत नाही. भांड्याला चिकटून राहिलेल्या विरजणासारखा तो थोडासा उरला, तरी पुढच्या खेपेला पुरतो. त्यामुळे सुकल्यावर न जाणवणारा वास अंग पुसताच परत येतो.

खरी लढाई आहे सुकण्याच्या वेळेशी. जुलैत हवेतच इतकं बाष्प असतं की धाग्यांतलं पाणी फार सावकाश उडतं आणि जिवाणूंना वाढायला रात्रभर सवड मिळते. टॉवेल दुमडून खुंटीला टांगला तर आतल्या घडीत वारा शिरतच नाही. तो दोरीवर पूर्ण पसरावा, खाली पंखा लावावा. हलती हवा कपड्यालगतचं बाष्प दूर नेते.

वास मुरलाच असेल तर जास्त पावडर टाकू नये. न निघालेला साबण धाग्यांतच राहतो. सुती टॉवेल साठ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात भिजवून धुवावा. आणि खोलीत चौघं असली तरी टॉवेल प्रत्येकाचा वेगळाच हवा, कारण नायट्याची बुरशी टॉवेलमार्फत सहज पसरते.