गोळीची लांबी, नळीचा पीळ

रायफलच्या नळीच्या आत मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या खाचा असतात. गोळी पुढे सरकते तेव्हा या खाचांमधले कंगोरे तिच्या अंगात रुततात आणि नळीच्या तोंडातून ती स्वतःभोवती गरगरतच बाहेर पडते. एक पूर्ण फेरा होईपर्यंत खाच नळीत जेवढे अंतर पुढे जाते, तो त्या नळीचा पीळ. दहा इंचांत एक फेरा असेल तर १:१० लिहितात, बारा इंचांत असेल तर १:१२. आकडा लहान तितका पीळ घट्ट. नवखा माणूस पहिल्यांदा फसतो तो इथेच.

पीळ लागतो कारण लांबट गोळी हवेत मुळात अस्थिर असते. तिचे वजन मागच्या जाड भागात साठलेले, तर हवेचा रेटा लागतो तो गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाकडे. नाक जरा कलले की रेटा ते आणखी कलवतो. बाणाला मागे पिसे असतात, ती हा कल मोडतात. गोळीला पिसे नाहीत, म्हणून तिला भोवऱ्याचा मार्ग धरावा लागतो: फिरता भोवरा आरेवर उभा राहतो, गती संपली की लवंडतो. फिरकी अपुरी पडली की गोळी वाटेतच कोलांट्या खाते आणि कागदी लक्ष्यावर गोल छिद्राऐवजी किल्लीच्या भोकासारखे लांबोळे भोक दिसते. तोड्याच्या बंदुकीला हा प्रश्नच नव्हता. तिची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी वाटोळी. वाटोळ्या गोळीला नाकच नसते, मग ते कलणार कसे?

‘जड गोळीला घट्ट पीळ’ हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. तो पुष्कळदा जमून जातो, पण कारण चुकीचे सांगतो. पीळ ठरवते ती गोळीची लांबी. जाडी तीच ठेवून वजन वाढवायचे तर गोळी लांबच करावी लागते, म्हणून दोष वजनावर येतो. याचा चोख पुरावा अमेरिकी लष्कराच्या ५.५६ मिमीच्या काडतुसांत सापडतो. एम ८५५ या नेहमीच्या गोळीचे वजन ६२ ग्रेन, तर उडताना उजेडाची रेघ ओढणाऱ्या एम ८५६ या ट्रेसर गोळीचे सुमारे ६४. फरक नगण्य. पण ट्रेसरच्या पोटात शिशाची जागा हलक्या जळत्या मसाल्याने घेतलेली असल्याने ती बरीच लांब झाली. साध्या गोळीला १:९ पुरत असताना एम १६ ए २ रायफलला १:७ चा पीळ द्यावा लागला, तो या ट्रेसरपायी. निव्वळ तांब्याच्या गोळ्यांचेही तेच. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पीळ घट्ट मागते.

१८५३ च्या एन्फिल्ड रायफलचा पीळ ७८ इंचांत एक फेरा इतका सैल होता, कारण .५७७ इंच व्यासाच्या तिच्या नळीतली मिनी गोळी आखूड आणि जाड होती. तिची काडतुसे नळीच्या तोंडाकडून भरावी लागत, आणि खाचांच्या नळीत गोळी सहज उतरावी म्हणून त्यांना चरबी लावलेली असे. १८५७ च्या उठावात गाजली ती हीच चरबी. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने त्याच दशकात .४५१ इंच जाडीची, बरीच लांब गोळी घेतली आणि षट्कोनी नळीला २० इंचांत एक फेरा दिला. लांब पल्ल्यावर एन्फिल्ड तिच्यापुढे टिकली नाही. बारीक, लांब गोळी आणि घट्ट पीळ ही जोडी तेव्हापासून दूरच्या नेमबाजीत पक्की झाली.

हिशेबाचे पहिले सूत्र १८७९ साली वूलिचच्या लष्करी अकादमीतले गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी तोफगोळ्यांसाठी दिले. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या पटीत मोजायची आणि १५० ला तिने भागायचे. उत्तर येते तो पीळ, तोही जाडीच्या पटीत. ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर वापरतात ती .२२ ची ४० ग्रेनची गोळी सुमारे ०.४६ इंच लांब असते, म्हणजे जाडीच्या जेमतेम दुप्पट. सूत्राप्रमाणे पीळ निघतो १६.४ इंच, आणि या रायफलींचा प्रचलित पीळ आहे १:१६. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतले, आणि त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या, ते याच आखूड गोळीच्या नेमबाजीत.

दूरच्या पल्ल्याची गोळी वेगळ्या कुळातली. .३०८ इंच जाडीची, २१५ ग्रेनची आणि १.६ इंच लांबीची गोळी धरू. लांबी जाडीच्या पाचपटीहून जास्त. ग्रीनहिलचे उत्तर ८.९ इंच. डॉन मिलर यांचे अलीकडचे सूत्र वजनही जमेस धरते आणि स्थैर्यांक काढून देते. हा अंक १ च्या खाली गेला की गोळी कोलमडते, १.५ च्या आसपास असला की निर्धास्त. सेकंदाला २,८०० फूट वेग आणि समुद्रसपाटीची १५ अंशांची हवा धरली तर या गोळीचा अंक १:१२ च्या नळीत बरोबर १.० येतो, १:१० मध्ये १.४४ आणि १:९ मध्ये १.७८. नेहमीच्या १६८ ग्रेनच्या, सव्वा इंचाहून जरा कमी लांबीच्या गोळीला मात्र तीच १:१२ ची नळी १.७ देते. नळीत खोट नसते. जोडी चुकलेली असते.

या हिशेबात हवा शांतपणे शिरते. हवा दाट तितका नाकावरचा रेटा जास्त आणि स्थैर्य कमी. धरमतरच्या खाडीकाठी, समुद्रसपाटीला, मे महिन्याच्या ३५ अंशांत १:१२ च्या नळीचा तो १.० फार तर १.०७ होईल. हीच रायफल साडेतीन हजार मीटर उंचीच्या लेहला ५ अंश तापमानात नेली तर विरळ हवेमुळे अंक १.४८ च्या घरात जाईल. लेहला गुण्यागोविंदाने उडालेली गोळी धरमतरला कडेलोटावर उभी असेल. नळी पारखायची तर ती खाडीकाठच्या हवेत, आणि तीही थंडीतल्या पहाटे, कारण गार हवा अधिक दाट. एम १६ चा मूळ १:१४ पीळ कडाक्याच्या थंडीत अपुरा ठरला आणि १:१२ करावा लागला, तो याच कारणाने.

फार घट्ट पिळाचेही तोटे आहेत, पण ते फुगवून सांगितले जातात. १:१० च्या नळीतून २,८०० फूट वेगाने सुटलेली गोळी सेकंदाला ३,३६० फेरे घेते. पातळ आवरणाची हलकी गोळी याहून फार जोरात फिरवली तर हवेतच फुटू शकते. गोळीचे वजन जरा एकांगी असले तर तो दोषही फिरकीने वाढतो. शिवाय उजव्या पिळाची गोळी उजवीकडे सरकत जाते. हजार यार्डांवर हे सरकणे सात-आठ इंचांच्या घरात असते. ते मोजून वजा करता येते. कोलमडणारी गोळी वजा करता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा एक पायरी घट्ट पीळ घ्यावा.

दोन मैल, म्हणजे ३.२ किलोमीटरवरच्या नेमबाजीत आणखी एक गोष्ट घडते. गोळीचा पुढचा वेग झपाट्याने ओसरतो, फिरकी मात्र हळूहळू. त्यामुळे भोवऱ्याचे स्थैर्य वाटेत वाढतच जाते. खरी कसोटी लागते ती वेग ध्वनीच्या वेगापाशी, सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास येतो तेव्हा. तिथे हवेचे धक्के गोळीभोवती जागा बदलतात आणि नाक डोलू लागते. हे डोलणे आवरेल की वाढेल हे गोळीच्या घडणीवर, विशेषतः तिच्या निमुळत्या बुडावर ठरते. पीळ तिथे एकटा पुरत नाही. .३७५ आणि .४०८ सारख्या जाड गोळ्या लेथवर कातून काढतात, त्या याचसाठी.

महाराष्ट्रात लष्करी काडतुसांचे काम जुने आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा १९६४ चा. नागरी नेमबाजीत काडतुसाची रायफल मात्र बहुधा ५० मीटरची .२२ चीच असते. म्हणून पिळाचा प्रश्न इथे क्वचितच कुणाला पडतो: १:१६ ची नळी आणि ४० ग्रेनची गोळी ही जोडी आधीच जुळून आलेली असते.

पीळ मोजायला यंत्र लागत नाही. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्यावी. सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीत सारावा. गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी. गजावर मुठीजवळ, वरच्या बाजूला पेनने खूण करावी, गज आत ढकलावा आणि खूण एक फेरा घेऊन पुन्हा वर आली की गज किती इंच आत गेला ते मोजावे. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. नळीवर कोरलेला आकडा आणि गजाचा आकडा जुळला नाही, तर हिशेबात गजाचा धरावा.