हृदयाची शस्त्रक्रिया झालेले मूल घरी येते तेव्हा

बाळाच्या हृदयात जन्मतःच असलेले छिद्र शस्त्रक्रियेने बंद करता येते, ही गोष्ट आता आपल्या वस्त्यांतूनही बऱ्यापैकी ठाऊक झाली आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून व शाळांतून मुले तपासतात, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून गरजूंना उपचारही मिळतात. परंतु मूल घरी आल्यावरचे पहिले दोन महिने कसे काढावेत, हे घरात सर्वांनाच माहीत असते असे नाही. निघतानाच्या घाईत दिलेल्या सूचना एकट्या आईच्या कानावर पडतात. मूल मात्र सगळे घर उचलते.

हृदयापर्यंत पोचण्यासाठी बहुधा छातीचे मधले हाड उभे कापावे लागते व काम झाल्यावर ते तारेने किंवा जाड दोऱ्याने पुन्हा बांधतात. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत जुळलेली दिसते. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. फसगत होते ती इथेच. जखम सुकली असे पाहून मामा किंवा आत्या कौतुकाने बाळाच्या काखेत हात घालून उचलतात आणि सारा ताण त्या कच्च्या हाडावर येतो. उचलताना एक हात मान व खांद्यांखाली, दुसरा कुल्ल्यांखाली घालावा. दंड धरून ओढू नये. जरा मोठ्या मुलाला सायकल, झोका, दप्तराचे ओझे तूर्त नको. पाहुण्यांना हे सांगताना सुनेला संकोच होतो. आजीने सांगितले तर कोणी वाईट मानत नाही.

जखमेवर हळद, तेल, पावडर, अंगारा काहीही लावू नये. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने, मग तो कितीही जवळचा असो, बाळाला घेऊ नये. लघवीचे औषध दिले असल्यास सूज उतरली म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही मुलांमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचते. मूल किरकिरते, उलट्या करते, दूध सोडते, अंग तापते. घरचे म्हणतात, दात येत असतील, नाहीतर दृष्ट लागली असेल. अशा वेळी थांबू नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, जखमेतून पू, दूध पिताना धाप व घाम, यांपैकी काहीही दिसले तरी त्याच दिवशी डिस्चार्ज कार्डासह रुग्णालय गाठावे. ओठ निळे पडले किंवा मूल निपचित झाले तर सकाळची वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. साचलेले पाणी इको तपासणीत दिसते व वेळेत कळले तर त्यावर उपाय आहे.

रात्री दचकून उठणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत लागणे, आईला क्षणभरही न सोडणे, हे मात्र आजार नव्हे. सुया आणि अनोळखी चेहरे यांची ती भीती असते व काही आठवड्यांत बहुधा ओसरते. रागावू नये.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे दात. किडक्या दातातील जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात. म्हणून दात रोज घासावेत. छिद्रावर ठिगळ बसवले असल्यास पुढचे सहा महिने दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते, तेव्हा दंतवैद्याला शस्त्रक्रियेविषयी आधी सांगावे.