दाढीचा फेस आणि द्रव साबण

दाढीचा साबण म्हटला की डोळ्यांपुढे येते ती वाटीत बसवलेली गोल वडी, किंवा नळीतून पिळून काढावयाचे क्रीम. बाटलीतील पातळ साबण ब्रशावर घेऊन दाढी करणे ही बहुतेकांना प्रवासात निभावून नेण्याची युक्ती वाटते. वस्तुतः दाढीच्या साबणाचे रसायन मुळातच द्रव साबणाला जवळचे आहे. हे नाते ध्यानात घेतले म्हणजे कोणता द्रव साबण चेहऱ्याला मानवेल आणि कोणता मानवणार नाही, हे ठरविणे अवघड जात नाही.

तेल किंवा चरबी अल्काबरोबर शिजवली असता साबण आणि ग्लिसरीन हे दोन पदार्थ तयार होतात. या क्रियेचे खरे स्वरूप शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उलगडून दाखविले; प्राणिज मेदांवरील त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. अल्क म्हणून कॉस्टिक सोडा वापरला तर घट्ट वडी मिळते, कॉस्टिक पोटॅश वापरला तर मऊ व पाण्यात चटकन विरघळणारा साबण मिळतो. बाटलीत भरला जाणारा खरा द्रव साबण असा पोटॅशचाच असतो. दाढीच्या क्रीममध्येही मुख्य भाग पोटॅशच्या साबणाचा असतो, आणि दाढीच्या वडीतही तो बऱ्याच प्रमाणात मिसळलेला असतो. एरवी ओला ब्रश फिरवताच ती इतक्या सहजपणे फेस देती ना.

मग फरक कोठे आहे? तो अल्कात नसून तेलात आहे. खोबरेल तेलातील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या रेणूत कार्बनचे १२ अणू असतात. त्याचा साबण क्षणात भरपूर फेस देतो, पण त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर विरतात. स्टिअरिक आम्लात कार्बनचे अणू १८. त्याचा साबण सावकाश फेसाळतो. मात्र तो फेस बारीक, दाट आणि चिवट असतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाला अग्रस्थान मिळाले ते यामुळेच. (आपल्याकडे कोकमाच्या बियांचे भिरंडेल आणि सालाच्या बियांचा मेद यांत हे आम्ल विपुल असते.) अडचण अशी की, स्टिअरिक आम्लाचा साबण पाण्यात जास्त घातला तर द्रावण पातळ राहत नाही, त्याची लापशी होते. बाटलीतून सुखाने ओतता यावा म्हणून द्रव साबण खोबरेल, ऑलिव्ह यांसारख्या तेलांपासून बनवितात. म्हणजे ओतण्याच्या सोयीसाठी फेसाच्या टिकाऊपणावर पाणी सोडलेले असते.

दाढीला टिकाऊ फेस लागतो तो कशासाठी? केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा केस चिवट असतो. तो पाणी शोषून घेतो, फुगतो, आणि मग पुष्कळ कमी जोराने कापला जातो. यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात. केस मऊ करतो तो साबण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण ते काम पाण्याचे आहे. साबण केसांवरील तेलकट थर काढून पाण्याला वाट करून देतो, ते पाणी चेहऱ्यावर धरून ठेवतो आणि पात्याला घसरण देतो. फेस अर्ध्यावर विरला तर ही शेवटची दोन्ही कामे अपुरी राहतात, आणि पाते कोरड्या कातडीवरून ओढले जाते.

द्रव साबण वापरणाऱ्याने म्हणून पाण्याचा हिशेब नीट ठेवावा लागतो. बाटलीतील साबणात पाण्याचा भाग आधीच मोठा असतो. वडीच्या सवयीने निथळता ब्रश त्यात बुडविला तर साबणपाणी गळ्यावरून ओघळते. चेहरा कोमट पाण्याने चांगला भिजवावा. ब्रश मात्र पिळून घ्यावा, त्यावर चमचाभराहून कमी साबण घ्यावा, वाटीत घुसळावा आणि लागेल तसे पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. थोडे ग्लिसरीन मिसळल्यास फेस लवकर सुकत नाही. एवढे करूनही संपूर्ण चेहऱ्याला एकदाच फेस लावून निश्चिंत राहता येत नाही. एक गाल आटोपला की दुसऱ्यावर ब्रश पुन्हा फिरवावा लागतो.

दाबताच फेस देणारा डबा अमेरिकेत सुमारे १९५० साली बाजारात आला. त्याच्या आतही द्रव साबणच असतो, तोही स्टिअरिक आम्लाचा. तेथे कॉस्टिक पोटॅशऐवजी बहुधा ट्रायइथेनॉलअमाइन हा सौम्य अल्क वापरतात, आणि घुसळण्याचे काम दाबाखालील वायू करतो.

हात धुण्यासाठी विकले जाणारे पुष्कळसे द्रव मात्र साबण नसतातच. ते संश्लेषित प्रक्षालक असतात. विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या दुष्फेन पाण्यात त्यांची सरशी होते, कारण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम खऱ्या साबणाशी संयोग पावून त्याचा चोथा करतात, प्रक्षालकाचे मात्र फारसे बिघडवू शकत नाहीत. परंतु त्यांतील जहाल प्रकार त्वचेचे नैसर्गिक तेल काढून घेतात, आणि नुकत्याच पाते फिरलेल्या कातडीला ते झोंबते. खरा साबण वापरावयाचा आणि पाणी दुष्फेन, अशी स्थिती असेल तर साठविलेले पावसाचे पाणी उत्तम. ते नसल्यास पाणी उकळून, गार करून, वरचे निवळलेले घ्यावे. उकळल्याने दुष्फेनता निदान काही अंशी जाते.

घरच्या आरशापुढे हा प्रश्न आवडीनिवडीचा आहे. दुकानात, किंवा झाडाखाली धोकटी उघडून बसलेल्या कारागिरापुढे, तो आरोग्याचा होतो. तेथे एकच वाटी, एकच वडी, एकच ब्रश आणि एकच तुरटीचा खडा दिवसभर अनेकांच्या गालांवरून फिरतो. ब्रशाचे केस निर्दोष असतीलच असे नाही, हा धडा पहिल्या महायुद्धाच्या काळात मिळाला: जंतुनाशन न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत अनेकांना अँथ्रॅक्स झाला आणि काही दगावले. आजची भीती वेगळी आहे. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस जगू शकतो, आणि दाढी करताना झालेली जखम दिसण्याइतकी मोठी असावीच लागते असे नाही. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली, ही समाधानाची गोष्ट. वडी, ब्रश आणि तुरटी यांच्याकडे तितके लक्ष गेलेले नाही.

येथे द्रव साबणाचा उणेपणा सोसण्यासारखा ठरतो. बाटलीतून प्रत्येकाच्या वाट्याचे थेंब स्वच्छ वाटीत पडतात. उरलेल्या साबणाला कोणाच्याही गालाचा स्पर्श झालेला नसतो. ब्रश मात्र तोच राहिला तर वाटी बदलून काही साधत नाही. कारागिराने हात धुऊन बोटांनीच फेस चोळावा, किंवा गिऱ्हाइकाने आपला ब्रश घरून आणावा. बोटांनी केलेला फेस ब्रशाच्या फेसाइतका देखणा होत नाही आणि त्याला वेळही थोडा अधिक लागतो, म्हणून गर्दीच्या रविवारी हा उपाय कारागिराला नकोसा वाटतो. तेवढ्या अवधीत खुंट पाणी पीत असतात, हे त्याने गिऱ्हाइकाला सांगण्यास हरकत नाही.