जुन्या पिकअपच्या आतल्या प्लास्टिकला रंग देताय? आधी प्लास्टिक ओळखा

दहा-बारा वर्षं वापरलेली पिकअप बाहेरून धुतली, पॉलिश केली की अजूनही बरी दिसते. पण दार उघडलं की तिचं वय कळतं. डॅशबोर्ड पांढुरका पडलेला असतो, दारांच्या आतल्या पॅनेलवर ओरखडे असतात, गिअरभोवतीचं प्लास्टिक विटलेलं असतं. मग आपण म्हणतो, एक स्प्रे कॅन आणू आणि मारून टाकू. पहिल्या दिवशी रंग झकास दिसतो. दोन महिन्यांनी तोच रंग नखाने सालपटासारखा निघायला लागतो.

असं का होतं आणि ते कसं टाळायचं, हे आज आपण समजून घेणार आहोत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पेंटर नाही. पण माझ्या काकांच्या २०११ सालच्या डबल कॅब पिकअपचं आतलं सगळं प्लास्टिक आम्ही दोघांनी घरीच रंगवलं. काका या गाडीतून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेतात आणि गाडी अजून चार-पाच वर्षं तरी चालवायची आहे. त्याआधी एका गॅरेजमधून रंग करून घेतला होता. दाराच्या हँडलभोवतीचा रंग लगेच सुटला. डॅशबोर्डचा वरचा भाग चकचकीत बदामी केला होता, त्यामुळे दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडायचं आणि रस्ता धुरकट दिसायचा. म्हणजे प्रश्न नुसता शोभेचा नव्हता.

काकांनी मला विचारलं, "अरे, बंपरवरचा रंग दहा वर्षं टिकतो, मग दाराच्या आतला दोन महिन्यांत कसा निघतो? दोन्ही प्लास्टिकच ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर कळलं की पुढचं काम सोपं होतं.

प्लास्टिक विटतं म्हणजे नेमकं काय होतं?

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वरच्या थरातल्या या साखळ्या तोडतात. समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा घालून बनवलेली असते, ती बहुतेक अतिनील किरण अडवते. दारांच्या साध्या काचा मात्र त्यातले बरेच किरण आत सोडतात. त्यात उष्णतेची भर पडते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो.

साखळ्या तुटल्या की वरचा थर ठिसूळ होतो आणि त्यात मिसळलेली टाल्कसारखी पांढरी पूड उघडी पडते. बोट फिरवल्यावर हाताला लागते ती हीच. काळ्या प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक असतो, तो किरण शोषून घेतो. म्हणून काळे भाग जास्त टिकतात आणि करडे, बदामी भाग लवकर विटतात.

आपल्यासाठी मुद्दा असा, की हा भुसभुशीत थर तसाच ठेवून वर रंग मारला तर रंग त्या थराला चिकटतो आणि तो थरच गळून पडतो.

रंग चिकटत का नाही?

आता मुख्य गोष्ट. गाडीच्या आतले बरेच भाग पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे असतात. स्वस्त, हलकं आणि चिवट असं हे प्लास्टिक आहे, पण त्याला सहसा काही चिकटत नाही.

याचं कारण पृष्ठऊर्जा. एखाद्या पृष्ठभागाला द्रव किती 'जवळ घेतो' याचं ते माप. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. पीपीची पृष्ठऊर्जा त्याच एककात फक्त ३० च्या आसपास, तर एबीएस प्लास्टिकची ४० च्या आसपास. द्रव नीट पसरायचा असेल तर त्याचा ताण पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा कमी हवा. पीपीवर रंग जेमतेम पसरतो. शिवाय रंगाला धरून ठेवतील असे रासायनिक गट पीपीच्या साखळीत जवळजवळ नसतातच.

मग बंपरचं काय? बंपरही बहुतेक वेळा पीपीचेच असतात. पण कारखान्यात रंगाआधी त्यांच्यावरून ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात. ज्योतीमुळे पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट तयार होतात आणि रंगाला पकड मिळते. दाराच्या आतलं पॅनेल मुळात रंगवलेलंच नसतं, साच्यातूनच रंगीत बाहेर येतं. त्यामुळे त्याच्यावर ही प्रक्रिया झालेली नसते. काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे.

घरी आपण ज्योत फिरवायच्या भानगडीत पडायचं नाही. त्याऐवजी ॲडहेजन प्रमोटर वापरायचा. त्यात क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन असतं. त्याच्या साखळीचा काही भाग पीपीसारखाच असल्याने तो खाली गुंतून बसतो आणि क्लोरीनवाला भाग वरच्या रंगाला धरतो. दोन वेगळ्या प्लगांमध्ये आपण अडॅप्टर लावतो ना, तसंच.

कोणता भाग कशाचा, हे कसं ओळखायचं?

पॅनेल काढून उलटं करा. पाठीमागे दोन बाणांच्या टोकांमध्ये इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. आम्हाला आमच्या गाडीत तीन प्रकार सापडले.

१. पीपी, किंवा पीपी अधिक ईपीडीएम. पुढे टीडी आणि आकडा असेल तर त्यात तेवढे टक्के टाल्क आहे. दारांची पॅनेल, खांबांवरची झाकणं. इथे ॲडहेजन प्रमोटर लागतोच.

२. एबीएस, किंवा पीसी अधिक एबीएस. मीटरभोवतीची चौकट, एसीच्या जाळ्या. याला रंग सहज धरतो. मात्र साधा थिनर लावू नका, तो एबीएस विरघळवतो.

३. पीव्हीसी, म्हणजे रेक्झिनसारखं मऊ आवरण. यात मऊपणासाठी घातलेलं रसायन हळूहळू वर येतं आणि साधा ऑइल पेंट कायम चिकट राहतो. याला व्हिनाइलसाठीचाच रंग लागतो.

अक्षरं सापडली नाहीत तर एक चाचणी आहे. पाठीमागून नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. शुद्ध पीपीची घनता ०.९ च्या आसपास असते, ते तरंगतं. एबीएस बुडतं. पण २० टक्के टाल्क असलेलं पीपीसुद्धा बुडतं. म्हणजे तरंगलं तर पीपी म्हणायला हरकत नाही, बुडलं तर मात्र काही सिद्ध होत नाही. अशा वेळी पीपीच आहे असं धरून चालणं सुरक्षित.

काय रंगवायचं नाही

एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या मधलं झाकण आणि डावीकडचं एअरबॅगचं झाकण अजिबात रंगवू नका. ती झाकणं ठरलेल्या रेषेवर फाटावीत अशी बनवलेली असतात. सीट बेल्टच्या पट्ट्यावर रंगाचा थेंबही पडू देऊ नका. बटणं आणि मीटरची काच सोडून द्या. स्टिअरिंगच्या कड्यालाही नको, कारण तिथे घाम आणि घर्षण सतत असतं.

डॅशबोर्डच्या वरच्या भागाला गडद आणि मॅट रंगच द्या. फिकट किंवा चकचकीत पृष्ठभागावरून उजेड काचेवर जातो आणि समोरचं दृश्य पुसट होतं. दुकानदार कितीही म्हणाला की ग्लॉसी छान दिसतं, तरी ऐकू नका.

कामाचा क्रम

१. भाग काढा. प्लास्टिकचा पट्टीसारखा हत्यार वापरा, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने क्लिपा तुटतात. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्या आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत, नाव लिहून ठेवा. विजेचे कनेक्टर काढायच्या आधी बॅटरीची वायर काढा. एअरबॅगच्या आसपासचा भाग असेल तर तो मेकॅनिककडूनच काढून घ्या.

२. धुवा, आणि घासायच्या आधी धुवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षं मारलेल्या डॅशबोर्ड पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा पृष्ठताण २० च्या आसपास, म्हणजे रंगापेक्षा कमी. जिथे सिलिकॉन राहतं तिथून रंग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. न धुता पेपर मारला तर हेच सिलिकॉन ओरखड्यांत शिरून बसतं. भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी आणि ब्रश घेऊन दोनदा धुवा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एका फडक्याने ओलं करायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. एकच फडकं वापरलं तर घाण फक्त इकडची तिकडे होते.

३. आधीचा सुटलेला रंग काढा. टेप लावून ओढा, जेवढा निघेल तेवढा निघू द्या. उरलेल्या रंगाच्या कडा ३२० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करा.

४. घासा. प्लास्टिकला चामड्यासारखी नक्षी असेल तर पेपर नको, नक्षी जाते. करड्या रंगाचं बारीक स्कफ पॅड घ्या आणि पाण्यासोबत फिरवा. चमक सगळीकडून सारखी गेली पाहिजे. पांढरी पूड यायची थांबली की खालचा मजबूत थर लागला असं समजा.

५. पुन्हा धुवा आणि एक दिवस वाळू द्या. क्लिपांच्या भोकांत पाणी लपून बसतं. घासलेल्या प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होऊन धूळ चिकटते, म्हणून रंगाच्या लगेच आधी अल्कोहोलच्या ओलसर फडक्याने हलकं पुसा.

६. पीपीवर ॲडहेजन प्रमोटर मारा. नुसतं 'प्लास्टिक प्रायमर' लिहिलेलं पुरत नाही, लेबलवर पीपीसाठी चालतो असा उल्लेख हवा. एक-दोन पातळ हात बस झाले. त्यावर रंग किती मिनिटांच्या आत मारायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं. तो वेळ पाळा, कारण जास्त वेळ गेला तर पकड कमी होते.

७. रंग मारा. बॉलचा आवाज आल्यावर दोन मिनिटं कॅन हलवा. २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. हात भागाच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच संपवा. पहिला हात इतका पातळ द्या की खालचं दिसत राहील. दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन-चार हात पुरतात. जाड हात दिला तर नक्षी बुजते.

८. जिथे सतत हात लागतो तिथे मॅट क्लिअर कोट द्या. तो शक्यतो रंगाच्याच कंपनीचा आणि त्याच प्रकारचा घ्या, नाहीतर त्यातला सॉल्व्हंट खालचा रंग उचलतो.

९. थांबा. हाताला कोरडा लागणं आणि आतून पक्का होणं यात फरक आहे. एक आठवडा भाग सावलीत ठेवा, मगच बसवा.

रंग धरलाय का? मोजून बघा

सॉफ्टवेअरमध्ये नवीन कोड थेट ग्राहकाच्या सिस्टमवर टाकत नाहीत, आधी वेगळ्या ठिकाणी तपासतात. इथेही तेच करा. न दिसणारा एखादा भाग किंवा पॅनेलची मागची बाजू याच पद्धतीने रंगवा. आठवड्यानंतर धारदार कटरने २ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा. २५ चौकोन तयार होतील. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि ओढून काढा. रंगकामातली आयएसओ २४०९ ही प्रमाण चाचणी अशीच असते. चौकोन जागेवर राहिले तर तुमची पद्धत बरोबर आहे. निघाले तर एक छोटा तुकडाच वाया गेला, अख्खं दार नाही.

आमच्या पिकअपच्या एका तुकड्यावर प्रमोटरशिवाय रंग मारून आम्ही मुद्दाम तुलना केली. तिथे चिकटपट्टीबरोबर जवळजवळ सगळे चौकोन आले. शेजारच्या प्रमोटरवाल्या पट्ट्यावर एकही हलला नाही. हे पाहिल्यावर काकाच म्हणाले, "मग गडबड नको, सगळं असंच कर."

हवामान आणि सुरक्षितता

पावसाळ्यात हे काम काढू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढरी झाक येते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, दव उडाल्यावरची सकाळ उत्तम. कोकणात किंवा मुंबईत असाल तर कोरडा दिवस बघून ठरवा.

काम उघड्यावर करा. कॅनमधला वायू ज्वलनशील असतो, म्हणून गॅस, बंब, देवघरातला दिवा, विडी-सिगारेट हे सगळं लांब ठेवा. कापडी मास्क किंवा एन-९५ सॉल्व्हंटची वाफ अडवत नाहीत. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला अर्धा मास्क घ्या. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. तो हवाच असेल तर योग्य बूथ असलेल्या पेंटरकडे जा.

खर्च आणि पर्याय

आम्हाला मास्क धरून सगळं सामान सुमारे तीन हजारांत पडलं आणि दोन रविवार गेले. रंग वाळायचा आठवडा वेगळा. पण प्रत्येक भाग रंगवलाच पाहिजे असं नाही. तडा गेलेला भाग रंगाने सुधारत नाही, त्याला जुन्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारातला धडका भाग बरा. नुसतं विटलेलं काळं प्लास्टिक ट्रिम रिस्टोररनेही बरंच सुधारतं.

आणि गॅरेजमध्येच रंग करून घेणार असाल तर आधी तीन प्रश्न विचारा. हा भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे? त्यावर ॲडहेजन प्रमोटर मारणार का? डॅशबोर्डचा वरचा भाग मॅट असेल ना? उत्तरं नीट मिळाली तरच गाडी तिथे सोडा.