फ्रेमवर्कचा वेग कसा मोजावा

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी-माणच्या आयटी पार्कसारख्या ठिकाणी नवा प्रकल्प निघाला की प्रश्न येतोच: जँगो घ्यायचं, लाराव्हेल की स्प्रिंग? अशा वेळी टेकएम्पॉवर या कंपनीने 2013 साली सुरू केलेल्या तुलनेचा दाखला दिला जातो. एकसारख्या यंत्रांवर प्रत्येक फ्रेमवर्क सेकंदाला किती विनंत्यांना उत्तर देतं, हे तिचं मुख्य माप.

त्यातला पहिला क्रमांक पाहून निर्णय घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. नुसता 'हॅलो वर्ल्ड' पाठवताना दिसणारा प्रचंड फरक डेटाबेस मध्ये आला की आक्रसतो. समजा, सातबारा दाखवायला डेटाबेसला 40 मिलिसेकंद लागतात. एका फ्रेमवर्कचे स्वतःचे 2, दुसऱ्याचे 6. पहिलं तिप्पट वेगवान, पण पौडच्या शेतकऱ्याला 42 आणि 46 मधला फरक कळणारही नाही. त्याला जाणवते ती गर्दीच्या वेळची रखडपट्टी. म्हणून सरासरीपेक्षा शंभरातल्या सर्वांत संथ विनंतीला किती वेळ लागला, ते पाहावं.

जावावरची फ्रेमवर्क सुरुवातीला संथ असतात, कारण वारंवार लागणारा कोड चालता चालताच यंत्रभाषेत उतरतो. त्यांना थोडा वेळ चालू देऊन मगच मोजणी सुरू करावी.